न झालेला अपघात आणि माझी कवळी

मी शीळफाट्याला स्कूटरवरून पडले नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण आमच्या सोसायटीत, नातेवाइकांत आणि थोडंफार माझ्या ऑफिसमध्येही सगळ्यांना असंच माहीत आहे की केतकी मैत्रिणीच्या मागे बसून नवी मुंबईहून येत होती, शीळफाट्याला गाडी खड्ड्यात आदळली आणि तिचे दात गेले. ही मैत्रीण कोण, तिला काही लागलं का, हे एकानेही विचारलं नाही. शीळफाट्याच्या खड्ड्यांवर लोकांचा इतका विश्वास आहे की पुढचं काही सांगावंच लागत नाही.

माझे दात हिरड्यांच्या आजाराने गेले. वरचे सगळे आणि खालच्या मागच्या दाढा. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. आता वर पूर्ण कवळी आहे आणि खाली तारेच्या आकड्यांची अर्धी.

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठीत इतकं लांब पहिल्यांदाच लिहितेय, त्यामुळे कुठे अडखळले तर समजून घ्या. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत या विषयावर भरपूर आहे आणि ते सगळं सत्तरीच्या माणसांसाठी आहे. संक्रांतीला घरोघरी हातावर ठेवलेल्या तिळगुळाचं काय करायचं, कवळी धुवायची जागा कोणती यावरून घरात भांडण झालं तर काय करायचं, हे त्यात नाही. शिवाय ज्यांनी हे वाचावं असं मला वाटतं, त्या बायका मराठीत वाचतात. माझी आई त्यांतलीच एक.

ठाण्याच्या डॉक्टर

कॉलेजात असल्यापासून ब्रश करताना रक्त यायचं. आई म्हणायची, "जोरात घासू नकोस." डोंबिवलीतल्या आमच्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांनी दोनदा दात साफ करून दिले आणि चूळ भरायला औषध दिलं. मग पुढच्या दोन दातांत फट पडली. मग एक दिवस ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पाव तोडताना वरचा एक दात जागच्या जागी फिरला. दुखलं नाही. कपाटाच्या नीट न लावलेल्या दारासारखा तो नुसता हलला. मी पाव तसाच ठेवला आणि बाकीचा दिवस कोणाशी बोलले नाही. मी तशीही फारशी बोलत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

ऑफिस ठाण्याला, म्हणून ठाण्यातल्याच एका हिरड्यांच्या डॉक्टरांकडे गेले. आई सोबत आली. मी पगार मिळवते, तरी डॉक्टरकडे आईशिवाय जायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे.

डॉक्टर बाई मोकळ्या होत्या. एका बारीक काडीने त्या प्रत्येक दाताभोवती हिरडी किती खोल सुटली आहे ते मोजत होत्या आणि मदतनीस मुलीला मिलिमीटरचे आकडे सांगत होत्या. सात, आठ, सात, नऊ. नंतर एक्स-रे लावला आणि पेनाने दाखवलं, "हाड इथपर्यंत हवं. तुझं इथे आहे." दोन्हींमध्ये जी काळी जागा होती, तिच्याकडे मी बघत राहिले. "दातांना काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "कीड नाही. त्यांना धरून ठेवणारं काही उरलं नाही."

मग त्या आईकडे वळल्या. "नुसत्या ब्रश न करण्याने या वयात इतकं होत नाही. हा प्रकार बरेचदा घरात असतो. तुमच्याकडे कोणाचे दात लवकर गेलेत का? तुमचे? मिस्टरांचे?"

"नाही," आई म्हणाली. "आमच्याकडे सगळ्यांचे दात चांगले."

"हिला भावंडं?"

"एक लहान बहीण आहे."

"तिला लगेच आणा. लवकर कळलं तर वाचवता येतं."

"हो, आणते," आई म्हणाली.

रिक्षात बसल्यावर आईने माझा हात धरला. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "कोणाला काही सांगायचं नाही, केतू." मी बाहेर बघत होते. थोड्या वेळाने ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "शीळफाट्याला रस्ता किती खराब आहे." त्या क्षणी मला अर्थ लागला नाही. घरी पोचेपर्यंत अपघात तयार होता.

दात नसतानाचे महिने

दात चार-पाच बैठकांत काढले. हिरड्या भरेपर्यंत थांबायचं होतं, आणि ते थांबणं सगळ्यात वाईट. मी ऑफिसला मास्क लावून जायचे. मास्कबद्दल आता कोणी काही विचारत नाही, हे माझं नशीब. दुपारी वरणात कालवलेला भात सगळे जेवून गेल्यावर खायचे. शेजारच्या टेबलावरची शबाना काही दिवस बघत होती. मग तीही उशिरा जेवायला लागली आणि डब्यात खिचडी आणायला लागली. दोन डबे आणायची. एकदाही काही विचारलं नाही. त्या महिन्यांत माझ्याशी चांगलं वागलेल्या माणसांची यादी एवढीच आहे.

घरी माणसं भेटायला यायची. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.

"चेहऱ्यावर तर काहीच लागलं नाही गं."

"हेल्मेट होतं ना," आई म्हणाली.

"हेल्मेट होतं आणि दात गेले?"

"पुढून उघडं असतं ते, तसलं होतं."

आई खोटं इतकं सहज बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. कल्याणहून मावशी आली, वेलची केळी घेऊन. ती आईची धाकटी बहीण. तिनेही विचारलं, "मैत्रीण नीट चालवत नव्हती का गं?" मी मान हलवली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता.

आरशात माझे गाल आत गेलेले दिसायचे आणि वरचा ओठ दुमडलेला. मी आरशावर टॉवेल टाकून दिला. धाकटी सई तो रोज काढायची, मी रोज टाकायचे.

माप

कवळीसाठी माप घेतात तेव्हा गार लगदा भरलेला साचा तोंडात दाबून धरतात. उलटी येईल असं वाटतं. डॉक्टर म्हणाल्या, "नाकाने श्वास घे आणि पायाची बोटं हलवत राहा." बोटं हलवली की खरंच उमासा थांबतो. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी लक्षात ठेवा.

पुढच्या वेळी मेणावर बसवलेले दात लावून दाखवतात. तेव्हा काय हवं ते सांगायचं, नंतर बदल होत नाही. मी माझा जुना फोटो नेला होता. माझा डावीकडचा सुळा जरासा बाहेर वळलेला होता. मला तो तसाच हवा होता.

आई म्हणाली, "नवीन करतोच आहोत तर वाकडे कशाला?"

"माझा तसाच होता."

"अगं, लोक पैसे देऊन सरळ करून घेतात."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे नाही, आणि म्हणाल्या, "वाकडा करते." मी त्यांना थँक यू म्हणायला गेले, पण तोंडात मेण होतं.

काय करावं, काय करू नये

कवळी लावल्यावर पहिल्या दिवशी दुसऱ्या कोणाचा तरी चमचा तोंडात विसरल्यासारखं वाटतं. लाळ सुटते. 'स' आणि 'फ' म्हणताना शिटी वाजते. डॉक्टरांनी मोठ्याने वाचायला सांगितलं. मी बाबांचा पेपर वाचायचे, बालवाडीतल्या मुलीसारखी अक्षर अक्षर लावत, अर्धं कवळीमुळे आणि अर्धं माझ्या मराठीमुळे. बाबा पलीकडे बसून न ऐकल्यासारखं करायचे.

दुखतं. जिथे टोचतं तिथे जखम होते. घरी कानशीने घासायचा विचारसुद्धा करू नका. डॉक्टरांकडे जा, आणि जायच्या आधी थोडा वेळ कवळी लावून ठेवा, म्हणजे नक्की कुठे टोचतंय ते त्यांना दिसतं. दुखतंय म्हणून आठवडाभर काढून ठेवली तर ती आणखी टोचते.

धुताना खाली पाण्याने अर्धं भरलेलं टमरेल किंवा टब ठेवा. ओली कवळी साबणाच्या वडीसारखी निसटते आणि फरशीवर पडली की संपलं. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे, टूथपेस्टने चरे पडतात. गरम पाणी अजिबात नको, आकार बिघडतो. झोपताना काढून साध्या पाण्यात ठेवायची. हिरड्यांनाही हवा लागते.

चहाचा पहिला घोट जपून घ्या. टाळू झाकलेला असतो, त्यामुळे चहा किती गरम आहे ते कळत नाही आणि एकदम घसा भाजतो. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी चावा. भाकरी आमटीत कुस्करून चालते. तिळगूळ हातात घ्या, गोड बोला आणि रुमालात ठेवा. तिळाचा एक दाणा कवळीखाली गेला तर काय होतं ते मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये सोसलंय. आंब्याची चव पूर्वीसारखी लागत नाही. त्यावर उपाय नाही. आंबा खायचा आणि चिडायचं.

आता भांडण. मी कवळी किचनच्या सिंकमध्ये धुवायला गेले, तर आईने नळ बंद केला.

"इथे नको. बाथरूममध्ये."

"तिथे अंधार आहे. पडली तर?"

"तोंडातलं आहे ते, केतू. उष्टं. ओट्यावर देवाचा नैवेद्य होतो."

"चमचे तोंडात जात नाहीत का?"

"चमच्याचं वेगळं."

कसं वेगळं ते तिने सांगितलं नाही. माझ्या कवळीचा डबा बाथरूमच्या फळीवर फिनाइलच्या बाटलीमागे गेला, वरून पेपर झाकून. पाहुणे यायचे असले की आई तो तिथूनही हलवायची. एकदा तिने तो वॉशिंग मशीनमध्ये लपवला आणि विसरली. पाहुणे गेल्यावर मशीन लावलं. माझे दात बाबांच्या शर्टांबरोबर पूर्ण फिरले. वरची कवळी वाचली, खालच्या अर्धीची तार वाकली. मी डॉक्टरांना खरं कारण सांगितलं, तेव्हा त्या हसायच्या थांबेनात. मला हसू आलं नाही. माझ्या शरीराचा एक भाग माझ्याच घरात चोरून आणलेल्या वस्तूसारखा इकडून तिकडे लपवला जात होता.

शिंक

रविवार होता. आई सुक्या मिरचीची फोडणी करत होती, मी बाजूला कांदा चिरत होते. मिरचीची खाट नाकात गेली आणि मला शिंक येणार हे कळलं. शिंक आली की कवळी सुटते, म्हणून मी तोंडावर हात धरला. आई कढईकडेच बघत होती. मान न वळवता ती म्हणाली, "जीभ वर लाव. टाळूशी दाबून धर आणि मग शिंक."

मी तसं केलं. कवळी जागची हलली नाही.

हे मला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. इंटरनेटवरही दिसलं नव्हतं. हे फक्त ज्याला करावं लागतं त्यालाच माहीत असतं.

कांदा हातात धरून मी आईच्या पाठीकडे बघत होते आणि एकेक गोष्ट जुळत गेली. आई पेरू कधी चावून खात नाही, पातळ चकत्या करते. मक्याचं कणीस दाणे सोलून खाते. चकली चहात भिजवते. ऊस तर "मला आवडत नाही." पहाटे सगळ्यांच्या आधी उठते आणि बाथरूमची कडी लावून बराच वेळ आत असते. हसताना पदर ओठांपर्यंत येतो आणि बोलताना ओठ कमी उघडतात. हे तिचं वळण आहे असं मला वाटायचं. मीही तशीच बोलते. लोक मला लाजरी म्हणतात.

"आई, तुझी कवळी आहे का?"

तिने गॅस बारीक केला. "कांदा दे इकडे."

"आई."

"वरचीच आहे," ती म्हणाली. "खालचे माझे आहेत."

माहेर

कांदा परतता परतता तिने सांगितलं. सईच्या वेळी ती बाळंतपणाला खडवलीला माहेरी गेली होती. पोटात सई असतानाच दात हलायला लागले होते. तिकडची आजी म्हणाली, बाळंतपणात जातात दात, एकेका पोरामागे जातातच. सई झाल्यावर मावशी तिला कल्याणला डॉक्टरकडे घेऊन गेली. वरचे सगळे काढावे लागले. आई माहेरी जास्तीचे काही महिने राहिली, तब्येत बरी नाही असं सासरी कळवून. परत आली ती मांडीवर बाळ आणि तोंडात कवळी घेऊन. सगळ्यांनी बाळ बघितलं. आईच्या तोंडाकडे कोणी बघितलं नाही.

"सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही," ती म्हणाली. लोक मुलाच्या डिग्रीबद्दल ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात म्हणाली. तेव्हा एकच खोली होती. इकडची आजी, बाबांची आई, तिथेच झोपायची आणि कधीही उठायची. म्हणून आईने रात्रीसुद्धा कवळी कधी काढली नाही. पुढे आजी गेली, दुसरी खोली झाली, तरी काढली नाही.

तेव्हा मी सात वर्षांची होते. मला फक्त इतकं आठवतं की आई नवीन बहीण घेऊन आली आणि मला सांगितलं, आईला त्रास द्यायचा नाही.

मी त्रास दिला नाही. सोळाव्या वर्षी बेसिनमध्ये रक्त दिसलं तेव्हाही दिला नाही. "जोरात घासू नकोस" म्हणणाऱ्या बाईला माहीत होतं ते रक्त कशाचं असू शकतं. ठाण्याला डॉक्टरांनी समोर बसवून विचारलं, तेव्हाही तिने सांगितलं की आमच्याकडे सगळ्यांचे दात चांगले. हे बोलताना त्या चांगल्या दातांखाली तिची जीभ टाळूला लागलेली असणार.

मला ओरडता येत नाही. मी सुरी ओट्यावर ठेवली आणि बाहेर गेले. बाबा पेपर वाचत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी किचनकडे बघितलं आणि समजले. "तिचं होतं ते. मी कसा सांगणार?"

"माझं होतं, बाबा," मी म्हटलं. त्यांनी पेपर परत वर धरला. पान तेच होतं.

सई

सई एकोणीस वर्षांची आहे, कल्याणला कॉलेजात. बडबडी, हसताना सगळे दात दाखवणारी. तिच्या पुढच्या दातांत फट पडायला लागली होती. तिला ती आवडायची. सेल्फीत मुद्दाम दात दाखवायची. "मॉडेल लोकांना असते, ताई." सकाळी बेसिनमध्ये तिचा फेस गुलाबी असायचा. मी तो बघायचे आणि नळ सोडायचे.

ठाण्याच्या डॉक्टरांनी तिला लगेच आणा म्हटलं होतं. आई आधी म्हणाली, परीक्षा होऊ दे. मग म्हणाली, गणपती होऊ देत. कवळीचं कळल्यानंतर मी पुन्हा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, दिवाळी होऊ दे.

"कशासाठी थांबायचं, आई? खरं सांग."

ती कपडे घड्या करत होती. "तुझ्यासाठी ते कल्याणचं स्थळ आलंय. त्यांना अपघाताचं सांगितलंय. म्हणतात, अपघात काय, कोणालाही होतो. चांगली माणसं आहेत." तिने सईचा टॉप नीट दुमडला. "एकीचा अपघात सांगता येतो, केतू. दोघींचा कसा सांगू? मग घराण्यातलं म्हणतील. मग तुझंही मोडेल आणि हिचं जमणारच नाही."

ती हे इतकं समजुतीने बोलली की क्षणभर मलाही पटल्यासारखं झालं. मग लक्षात आलं की आपण काय ऐकतोय. माझा खोटा अपघात खरा राहावा म्हणून माझ्या बहिणीचे दात जायला हवे होते.

त्या संध्याकाळी मी सईला कोपर स्टेशनजवळ पाणीपुरी खायला नेलं. मला पाणीपुरी जमत नाही, पुरी तोंडात मावत नाही. ती खात होती आणि मी सगळं सांगितलं. माझं, आईचं, खडवलीचं.

"आईचे?" तिने पुरी प्लेटमध्ये ठेवली. "आपल्या आईचे खोटे आहेत?"

"वरचे."

"म्हणजे ती मला रोज ओरडते दात नीट घास म्हणून, आणि…" ती हसायला लागली. मग थांबली. तिने जिभेने पुढच्या दातांतली फट चाचपली. "ताई, माझे पण जाणार?"

"मला माहीत नाही. डॉक्टरांना माहीत असेल."

भय्याने विचारलं, सुखी पुरी? मी पैसे दिले आणि आम्ही निघालो.

घरी येऊन मी आईला सांगितलं की उद्या सईला घेऊन ठाण्याला जातेय.

"आणि त्या लोकांना काय सांगू?"

"सांग की मी पडले नव्हते."

"केतू, तुला कळत नाहीये तू काय करतेस."

"तिथे विचारतील घरात कोणाचे दात लवकर गेलेत. मी तुझं नाव सांगणार आहे."

तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिला सगळ्या सोसायटीसमोर मारलंय. "माझ्याशी बोलू नकोस," ती म्हणाली.

त्या स्थळाचं काय झालं असं कोणी विचारेल, म्हणून इथेच सांगते. बाबांनी पुढे फोन करून खरं काय ते सांगितलं. चांगली माणसं होती. त्यांनी परत फोन केला नाही.

खुर्ची

सकाळी आम्ही निघालो, तर आई साडी नेसून दारात उभी होती. चपला पायात. "चला," म्हणाली. रिक्षात ती आमच्या मध्ये बसली.

डॉक्टर सईचे आकडे सांगायला लागल्या. आता मला ते आकडे कळतात, तीनपर्यंत ठीक. दोन, तीन, तीन, दोन. मी श्वास सोडला. मग पुढच्या दातांशी सहा. दाढेशी सहा. पलीकडच्या दाढेशी सात. सईचे पाय खुर्चीवर ताठ झाले होते.

डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. "हाड गेलंय, पण धरण्याइतकं आहे. आज सुरू केलं तर दात राहतील असं मला वाटतं. दर तीन महिन्यांनी यावं लागेल, कायम." मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तेव्हाच आणा म्हटलं होतं ना मी? दाढेपाशी इतकं गेलं नसतं."

मी तोंड उघडलं. माझ्या आधी आई बोलली.

"माझे वरचे सगळे खोटे आहेत," ती म्हणाली. "हिच्या जन्माच्या वेळी गेले. मी त्या वेळी तुम्हाला नाही म्हटलं."

डॉक्टर तिच्यावर रागावल्या नाहीत. मला वाटत होतं रागवाव्यात. त्या म्हणाल्या, "बसा. बघू द्या."

"या दोघींना बाहेर पाठवा."

सई उठायला लागली. मी तिचा हात धरून खाली बसवलं. "आम्ही नाही जाणार," मी म्हटलं. हे प्रेमाने म्हटलं नव्हतं. मला तिला बघायचं होतं. माझं तोंड सगळ्या नातेवाइकांनी हनुवटी धरून उजेडात बघितलं होतं.

आईने मान भिंतीकडे वळवली आणि कवळी काढून डॉक्टरांच्या हातात दिली. ती पिवळट होती, कडांना काळी पडलेली, दात झिजून सपाट झालेले. डॉक्टरांनी दिवा वळवला. आईचा टाळू लाल होता. नुसता लाल नाही, बरोबर कवळीच्या आकाराचा लाल, कोणी रंगवल्यासारखा. मागे एका बाजूला जखम होती.

"ताई, हे दुखत नाही?"

"दुखतं," आई म्हणाली. दातांशिवाय तिचा आवाज वेगळाच आला, मऊ आणि पसरट.

"कधीपासून?"

आईने थोडा विचार केला. "दुखतंच," ती म्हणाली.

सई रडायला लागली. मला तेव्हा राग जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. ती इतकी वर्षं काय सोसत होती ते मला दिसत होतं, आणि तेच तिने माझ्यासाठीही ठरवलं होतं हेही दिसत होतं. दोन्ही एकाच वेळी दिसत होतं आणि त्यातलं एकही कमी होत नव्हतं.

डॉक्टरांनी आईला औषध दिलं, नवीन कवळीसाठी माप घ्यायला पुढच्या आठवड्यात बोलावलं आणि म्हणाल्या, "आज रात्री काढून झोपायचं. घरात सगळ्यांसमोर." मग विचारलं, "तुमच्या बहिणी, भाऊ? त्यांची मुलं?"

"एक बहीण आहे. तिला एक मुलगा. निखिल, तेवीसचा."

"त्यालाही तपासायला हवं. आजच कळवा."

बाहेर फुटपाथवर आई फोन हातात घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, "लाव." तिने लावला. आवाज मोठा होता, आम्हा दोघींना ऐकू येत होतं. आधी दोघींनी जेवणाची चौकशी केली. मग मावशीच्या गुडघ्याची. मी आईच्या समोर जाऊन उभी राहिले.

"अगं," आई म्हणाली, "निखिलचे दात कसे आहेत?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"का गं, ताई?"

"सईला पण आहे. माझ्यासारखं. केतूला तेच झालं होतं."

"ते मला माहीत होतं की," मावशी म्हणाली. "केतूचं ऐकलं तेव्हाच मला कळलं." मग आवाज खाली आणून, "निखिलचे दोन हलतायत गं, गेल्या वर्षापासून. पण मी म्हटलं, कशाला बोलू? तुझ्या मुलींची लग्नं व्हायचीयत."

आईने डोळे मिटले.

मी तिच्या हातातून फोन घेतला. "मावशी," मी म्हटलं, "निखिलला दे."